धाकट्याची किल्ली

१

सकाळी शटर वर केलं की धाकटा आधी पंखा लावायचा, मग जुन्या बनियनच्या फडक्यानं टेबल पुसायचा आणि आदल्या दिवशी हट्टाला पेटलेल्या यंत्राला विचारायचा, "काय, आज तरी शहाणपण सुचलंय का?" यंत्र बहुधा गप्प बसायचं. मग तो चहा पिऊन यायचा.

वय बेचाळीस, निम्मे केस गेलेले, नाकावर चष्मा. तरी घरच्यांनी लहानपणी चिकटवलेलं 'धाकटा' हे नाव काही मोठं व्हायला तयार नव्हतं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान, मधल्या आठ फुटी गाळ्यात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. "चालूच होत नाही हो," असं रडत लोक यायचे आणि बरेचसे हसत परत जायचे.

हल्ली जो तो आपल्या डिस्कला कुलूप लावून मागायचा. असं कुलूप लावलं की आतला सगळा मजकूर कालवून टाकल्यासारखा होतो. यंत्र सुरू करताना काळा पडदा पासवर्ड विचारतो. तो बरोबर दिला तरच डिस्क उघडते आणि पुढचं सगळं चालू होतं. पासवर्ड विसरलात की संपलं. आणि विसरणारे लोक पायलीचे पन्नास. त्यांची रडारड ऐकून ऐकून धाकट्याला एक खोड लागली होती. अशा कुलपात किल्ल्यांसाठी आठ कप्पे असतात, कुठल्याही कप्प्यातली किल्ली तेच कुलूप उघडते. गिऱ्हाइकाचा पासवर्ड तो पहिल्या कप्प्यात घालायचा आणि गुपचूप स्वतःचा एक आठव्यात घालून ठेवायचा. वर त्या आठही कप्प्यांची नक्कल एका पेनड्राइव्हवर उतरवून ड्रॉवरमध्ये टाकायचा. कुणाचं वाईट करायचं त्याच्या मनात नव्हतं, पण हे गिऱ्हाइकाला सांगायची हिंमतही नव्हती.

दादानं मात्र त्याला पकडलं होतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघावं तसा तो माणसांकडे बघायचा.

"दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची? ही कुठली रीत? माझ्या मशीनवरची काढून टाक."

"काढतो," असं धाकटा म्हणाला होता, आणि काढली नव्हती.

पुढे चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी दादा नाहीसा झाला. चहा अर्धा प्यालेला, चपला दाराशी, खुर्ची मागे सरकवलेली आणि पडद्यावर पासवर्ड विचारणारी ओळ. पोलीस आले, चार प्रश्न विचारून गेले. माणूस आपल्या मर्जीनं गेला असावा, असं त्यांनी लिहिलं. अनवाणी कोण मर्जीनं जातं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या शनिवारी सकाळी वहिनी जुन्या चादरीत गुंडाळलेला दादाचा सीपीयू छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, चौदा महिने मी याला हात लावला नाही. वाटायचं, ते येतील आणि म्हणतील, माझ्या वस्तूला कुणी हात लावला?" त्यांनी ओझं टेबलावर ठेवलं. "आता नाही राहवत. ते कुठं गेले ते यातच असणार. जिवंत आहेत की नाही, एवढं तरी कळू दे मला."

"होईल, वहिनी. माझ्या हातचा मळ आहे हा," धाकटा म्हणाला. आपल्याकडे किल्ली आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

२

वहिनी शाळेच्या ऑफिसात कामाला गेल्या आणि धाकट्यानं सीपीयूला वायरी जोडल्या. पंखा घरघरला, काळा पडदा आला, पासवर्डची ओळ आली. त्यानं आपला चौदा अक्षरांचा पासवर्ड टाकला. प्रत्येक अक्षरामागे पडद्यावर एक चांदणी उमटत गेली.

चुकीचा, असं यंत्र म्हणालं.

पुन्हा टाकला. चुकीचा. मोठ्या अक्षरांत टाकला, लहान अक्षरांत टाकला, जुना टाकला, त्याच्याही आधीचा टाकला. असे अकरा प्रयत्न झाले, आणि शेवटच्या दोन-तीन वेळा त्यानं एंटरचं बटण असं काही हाणलं की शेजारून शिंप्यानं विचारलं, "खिळे ठोकताय का?"

धाकट्यानं हात वर घेतले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. चष्म्याशिवायही त्याला दिसलं. पडद्यावर चांदण्या उमटत होत्या.

दोन उमटल्या, मग थांबल्या. पुन्हा दोन, पुन्हा थांबल्या. अशा आठ झाल्या. मग शेवटची पुसली गेली, तिच्या आधीची पुसली गेली, एकेक करत सगळ्या गेल्या आणि ओळ कोरी झाली.

बटण अडकलंय, धाकटा मनाशी म्हणाला. त्यानं कीबोर्ड उलटा करून थोपटला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, एक टाचणी पडली. त्यानं दुसरा कीबोर्ड जोडला आणि हाताची घडी घालून बघत बसला. पुन्हा दोन चांदण्या आल्या, थांबल्या, पुन्हा दोन आल्या.

मग त्यानं कीबोर्ड काढूनच टाकला. वायर हातात धरून, तिचं टोक डोळ्यांपुढे धरून तो उभा राहिला. आणि पडद्यावर दोन चांदण्या उमटल्या.

दादा दोन बोटांनी टाइप करायचा. दोन अक्षरं मारायची, मग पुढची कुठं आहेत ते शोधत थांबायचं. धाकटा त्याला यावरून किती चिडवायचा. पण अर्धं जग दोन बोटांनीच टाइप करतं, त्यात काय विशेष? जुनं मशीन आहे, आतल्या पट्टीवर ओल धरली असेल, वीज झिरपत असेल. हे कारण त्याला पटलं नाही, पण दुसरं सापडलंही नाही.

"चहाला येताय का?" शिंप्यानं हाक मारली. एरवी तीनदा बोलवावं लागणारा धाकटा पहिल्या हाकेला उठला. जाताना त्यानं सीपीयूची वायर भिंतीतून उपसली.

३

रविवारी तो वहिनींकडे गेला. दादानं पासवर्ड कुठं लिहून ठेवला असेल तर बघावं, असं निमित्त होतं.

दादाची खोली म्हणजे घराच्या मागच्या बाजूला काढलेली एक चिंचोळी जागा. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीत एक कपाट, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर लगेच शेजारच्या इमारतीची भिंत. टेबलावर कॉम्प्युटरच्या जागी नुसती धूळ साचली होती. धाकट्यानं ड्रॉवर उपसले, वह्या चाळल्या. पाण्याचे आकडे सोडून कशातच काही नव्हतं.

पुतणी दाराशी येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची, बापासारखीच मान तिरकी करून बघणारी.

"काका, चालू झालं का रे?"

"होईल गं. कुलूप जरा हट्टी आहे."

ती आत आली नाही. उंबऱ्यावरच पायाची बोटं चोळत राहिली. "एक सांगू? आईला बोलू नकोस. बाबा गेल्यावर मी तो सीपीयू इथं कपाटात ठेवला होता ना, वायर गुंडाळून. तरी कधी कधी त्याचा पंखा फिरल्यासारखं ऐकू यायचं. सकाळी, मी शाळेत जायला निघायचे तेव्हा."

"पाण्याचा पंप असेल."

"मलाही तसंच वाटायचं." तिनं कपाटाकडे बघितलं. "काल आईनं तो तुझ्याकडे नेला, आणि आज आवाज आला नाही. पंप तर चालू होता."

धाकट्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि तिला काहीतरी अभ्यासाचं विचारलं. पण निघताना त्यानं कपाट उघडून बघितलंच. आतली फळी रिकामी होती. त्यानं तिच्यावर तळहात ठेवला. लाकूड कोमट होतं, नुकतंच कुणी बसून उठलेल्या खुर्चीइतकं. कपाटाची भिंत बाहेरच्या उन्हात तापते, असं त्यानं ठरवलं. त्या बाजूला शेजारची इमारत आहे, ऊन येतच नाही, हे रस्त्यात त्याच्या लक्षात आलं.

४

सोमवारी त्यानं शहाण्या कारागिरासारखं वागायचं ठरवलं. खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते. कुलूपबंद डिस्कशी झटापट करायची नसते. आधी तिची अक्षर न् अक्षर नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, आणि जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. मूळ डिस्क बिघडली तर देवही काही करू शकत नाही.

त्यानं दादाची डिस्क सीपीयूमधून काढून आपल्या टेबलावरच्या यंत्राला जोडली आणि नक्कल सुरू केली. दिवसभर वेळ लागणार होता. मधल्या वेळात त्यानं कुलपाचे कप्पे तपासले.

आठवा कप्पा रिकामा होता.

त्याची किल्ली कुणीतरी पुसली होती. पहिला कप्पाही रिकामा होता, म्हणजे दादाचा जुना पासवर्डही गेला होता. फक्त चौथ्या कप्प्यात एक किल्ली होती, आणि ती धाकट्यानं घातलेली नव्हती. कप्पे पुसायचे तर डिस्क आधी उघडावी लागते, एवढं तर उघड होतं. दादानं जाण्यापूर्वी हे उद्योग केले असणार. त्याला धाकट्याचं खोटं कळलं असणार, आणि तोंडावर बोलण्याऐवजी त्यानं ते निमूटपणे निस्तरलं असणार. धाकट्याला एवढी लाज वाटली की त्या भरात बाकीचं विचारायचं राहून गेलं.

पण त्याच्याकडे पेनड्राइव्ह होता. जुन्या आठ कप्प्यांची नक्कल त्यावर होती, आणि असे जुने कप्पे नव्यांच्या जागी बसवले की जुन्या किल्ल्या पुन्हा चालतात, कारण कुलूप आतून तेच असतं. कुणी कितीही किल्ल्या बदलू दे, धाकट्याकडे मागचा रस्ता होता. दादाला हे ठाऊक नव्हतं.

दुपारभर डिस्क टकटकत राहिली. झेरॉक्सवाली सुट्टे पैसे मागायला आली, तिनं कान दिला आणि म्हणाली, "काय हो, आतून कुणी दार वाजवतंय का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेली. धाकट्याला हसू आलं नाही. त्यानं पंखा मोठा केला.

५

मंगळवारी सकाळी नकलेवर जुने कप्पे बसवले, आठव्या कप्प्यातला आपला पासवर्ड टाकला, आणि नक्कल लोण्यासारखी उघडली. फक्त वाचण्यापुरती उघडली होती. खिडकीतून डोकावावं तसं, आत पाऊल न टाकता.

दादाच्या सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. 'रोज' नावाची एक होती. दादा दिवसाला एक ओळ लिहायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; प्रयोगशाळेची सवय. धाकट्यानं ती उघडली आणि दादा गेला त्या तारखेच्या आसपास आला.

"नळाला गढूळ पाणी. दुपारी पाहुणे." ही आदल्या दिवसाची.

"आत आलो." ही त्या दिवसाची.

खाली आणखी ओळी होत्या. पुढची तारीख, त्याच्या पुढची, एकही दिवस न चुकवता.

"उजेड आहे. कुठून येतो ते कळत नाही."

"दार सापडलं. या बाजूला कडी नाही."

"भूक लागत नाही. पाणी तपासलं, पाणी नाही."

धाकटा उठला, शटरपर्यंत गेला, रस्त्यावरची रहदारी बघितली, परत येऊन बसला. दादाचं डोकं फिरलं असणार, त्यानं विचार केला. बिचारा आतल्या आत झुरत होता आणि आपल्याला पत्ता नाही. पुढच्या तारखा घालून त्यानं हे सगळं आधीच लिहून ठेवलं असणार. तारीख काय, हातानं टाकता येते. हे पटण्यासारखं होतं.  तो वाचत गेला.

"इथं आणखी एक जण आहे."

"दुसरा बोलत नाही. बघत बसतो."

"आज उठलो तेव्हा दुसरा माझ्या जागेवर बसला होता. माझ्यासारखी मान करून."

"दुसऱ्याला बोलता येतं. मी बोललो की तेच बोलतो."

"दुसऱ्यानं आज हिला हाक मारली. हुबेहूब."

"पोरीचं लाडकं नाव दुसऱ्याला माहीत आहे. मी सांगितलं नव्हतं."

"दुसरा दाराजवळ झोपतो."

मग सहा महिन्यांपूर्वीची एक ओळ आली. "किल्ली बदलली. धाकट्याची पुसली. पोरगा चांगला आहे, पण त्याला राहवत नाही."

धाकट्यानं चष्मा काढला. डोळे पुसले.  मग त्यानं झटकन शेवट गाठला.

"शनिवार. दारावर अकरा वेळा ठोठावलं. धाकटाच. चिडला की जोरात ठोठावतो."

"सोमवार. भिंतीपलीकडून कुणीतरी सगळं मोजून नेत आहे."

शनिवारच्या अकरा प्रयत्नांबद्दल त्यानं कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. त्यानं बोटांवर मोजून बघितलं. अकराच होते. चौदा महिन्यांपूर्वी हे कुणाला लिहून ठेवता आलं नसतं, आणि या यंत्राला बाहेरच्या जगाची एक तारही जोडलेली नव्हती. कारणं शोधणारं त्याचं डोकं तिथं थांबलं. पंखा वर गरगरत होता आणि त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता.

आणि मग, भीतीच्या अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी उसळून आलं. दादा आहे. कुठं, कसा, ते जाऊ दे. दादा आहे.

६

बुधवारी दुपारी वहिनी अर्ध्या रजेवर आल्या. स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली.

"सापडलं काही?"

धाकट्यानं रात्रभर ठरवलं होतं काय सांगायचं ते. "दादानं लिहिलेलं आहे, वहिनी. रोजची एकेक ओळ."

"कधीपर्यंतची?"

खोटं बोलायला त्याची जीभ उचलली नाही. "परवापर्यंतची."

वहिनींचा हात तोंडाशी गेला. त्या रडल्या नाहीत. दोन-तीनदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे आहेत."

"आहे."

"बरे आहेत ना? काय लिहिलंय?"

"आत अडकल्यासारखं लिहिलंय. दार सापडलंय, पण त्या बाजूनं उघडत नाही." दुसऱ्याबद्दल तो बोलला नाही. बोलणार होता, तोंडही उघडलं होतं. पण चौदा महिन्यांनी त्या चेहऱ्यावर रंग आलेला बघून त्यानं ते मिटलं.

"मग तुम्ही या बाजूनं उघडा."

"वहिनी, मी नकलेतून वाचलंय. खरी डिस्क उघडायची म्हणजे... दादानं स्वतःच किल्ली बदललीय. त्याला उघडायला नको असेल तर?"

"त्यांना काय हवं नको ते मी त्यांच्या तोंडून ऐकीन," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "भाऊजी, रोज सकाळी मी दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते. पोरगी बघते आणि काही बोलत नाही. तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या कुणाकडे नेते. कुणीतरी उघडेलच ना?"

हे खरं होतं. कुणीतरी उघडलंच असतं. धाकट्यानं स्वतःला तेच सांगितलं आणि पेनड्राइव्ह काढला.

मूळ डिस्कवर जुने कप्पे बसवले. डिस्क सीपीयूत परत घातली, वायरी जोडल्या, बटण दाबलं. काळा पडदा आला. त्यानं एकेक अक्षर मोजत पासवर्ड टाकला.

डिस्क उघडली, असं पडद्यावर आलं. आणि सगळं तिथंच थांबलं. मिनिटभरानं यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागलं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"उघडतंय, पण पुढं सरकत नाही. कधी कधी होतं असं." त्यानं दुसऱ्यांदा टाकला. डिस्क उघडली, यंत्र थांबलं, बंद पडलं. त्यानं आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, केबल बदलली, घड्याळाचा सेल नवा घातला. तिसऱ्यांदाही तेच. दार उघडावं आणि पलीकडून कुणीतरी ते पुन्हा लोटून द्यावं, तसं. धाकट्याला हे जाणवलं, आणि हात तिथंच थांबवावा असंही वाटलं. पण वहिनी स्टुलावरून उठून त्याच्या खांद्यामागे येऊन उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता.

चौथ्यांदा त्यानं यंत्राला चित्रं, खिडक्या, बाकी सगळा लवाजमा वगळून नुसत्या अक्षरांत सुरू व्हायला सांगितलं. डिस्क उघडली. यंत्र थांबलं. पंखा चढत चढत गेला, टेबलावरचे स्क्रू थरथरायला लागले. क्षणभर पडदा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्यात धाकट्याला एक चिंचोळी खोली दिसली, एक खुर्ची दिसली, आणि खुर्चीजवळ जमिनीवर कुणीतरी दोन्ही हातांनी दुसऱ्याचा पाय घट्ट धरून त्याच्यामागे फरफटत जाताना दिसलं. डोळा लवेपर्यंत ते गेलं.

पंखा शांत झाला. यंत्र सुरू झालं होतं.

"झालं?" वहिनी म्हणाल्या. त्यांना काही दिसलं नव्हतं. चौकोनी उजेड पडला, एवढंच त्या म्हणाल्या.

"झालं," धाकटा म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

७

दहा मिनिटं गेली असतील. धाकटा 'रोज' उघडायला धजत नव्हता. वायरी सरळ कर, स्क्रू डबीत भर, असं काहीबाही करत होता. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला.

फोनमधला पुतणीचा आवाज धाकट्यालाही ऐकू आला, एवढी ती ओरडत होती. "आई! आई, बाबा आले! मागच्या खोलीतून आले! आई, तू ये!"

वहिनींनी एकदा धाकट्याकडे बघितलं. ते बघणं तो जन्मात विसरणार नव्हता. मग त्यांनी फोन छातीशी धरला, हसल्या, रडल्या, धाकट्याच्या गालावरून हात फिरवला, आणि पर्स स्टुलावर तशीच टाकून पायऱ्या उतरल्या. रस्त्यावर त्यांनी हात करून एक गाडी थांबवली. शिंपी दुकानातून विचारत होता, काय झालं, काय झालं.

"वहिनी, थांबा, मीही येतो," धाकटा ओरडला. पण गाडी निघून गेली होती.

तो वळला. यंत्रावर त्यानं काहीही केलं नव्हतं, तरी पडद्यावर 'रोज' उघडलेली होती. बुधवारची ओळ तयार होती.

"तीनदा लोटलं. चौथ्यांदा जमलं नाही. दुसरा गेला."

धाकट्यानं टेबलाची कड धरली. पडद्यावर अक्षरं उमटत होती. दोन अक्षरं, मग थांबा. दोन अक्षरं, मग थांबा.

"धाकट्या, पोरगी घरी एकटी नाही ना?"

त्यानं पुतणीचा नंबर लावला.  बेल वाजली, वाजली, मग तिनं उचलला. ती हसत होती. मागे भांड्यांचा आवाज होता, आणि कुणीतरी गुणगुणत होतं. दादा कधीच गुणगुणायचा नाही.

"काका! अरे कुठंयस तू? बाबांना सगळं आठवतंय. माझ्या परीक्षा, माझ्या मैत्रिणी, सगळं. आई कधी येते, असं सारखं विचारतायत."

"ऐक," धाकटा म्हणाला. "ऐक माझं. काही विचारू नकोस. आत्ताच्या आत्ता घराबाहेर पड. आई रस्त्यात आहे, तिला खालीच अडव. दोघी इकडं या."

"म्हणजे? काका, काय झालं?"

"नंतर सांगतो. आधी बाहेर पड, बाळा. पाया पडतो तुझ्या."

 तिचं हसू आवाजातून गेलं नव्हतं, पण पातळ झालं होतं. पावलं वाजली. कडीचा आवाज आला, मग पुन्हा आला.

"काका, दाराला आतून कुलूप आहे," ती म्हणाली. "बाबांनी लावलं वाटतं. थांब हं, किल्ली कुठं ठेवली ते विचारते. बाबा—"